कुणी सांगितलं

वहीत चार रकाने आखून दिले अस्मितानं,
कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथं मिरजेतच.
नाव. गाव. पाय कुठला. कुणी सांगितलं.
म्हणाली, बाबा, नऊ हजार घातलेत बोर्डात,
निदान कळू दे, तो वाचून कोण येतंय.

ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत
त्यांचे बूट मी करतो.
एक इंच, दीड इंच, कधी नुसतं पाऊण,
तेवढं कमी पडलेलं असतं देवाच्या मापात;
मी ते रबरात भरून काढतो.
स्टेशनकडनं दवाखान्याकडं जाताना डाव्या हाताला,
चहाच्या गाड्याला लागून.

तर विचारायला लागलो.
पहिल्यांदा जीभच वळेना.
गिऱ्हाईक पाय पुढं करून बसलेलं,
मोजा काढतानाच अर्धं झालेलं,
त्याला म्हणायचं, आमच्याबद्दल कुठनं कळलं?
जसं काही सोयरीक घेऊन आलाय.

पण लिहीत गेलो.
अथणीचा एक, जमखंडीची मायलेकरं,
ढालगावचे मास्तर, कागवाडचा वायरमन.
बोर्ड बघून आलेला: एक.
तोही थांबला होता एक्स-रे कुठं काढतात ते विचारायला.
पेपरात घातलेली पत्रकं: कुणीच नाही.
चहावाल्यानं महिनाभर त्यावर भजी दिली,
त्यातली निम्मी मीच खाल्ली.

आणि मग एकाखाली एक,
संख, उमदी, माडग्याळ, परत संख.
"बाजारात मिरच्या विकणारी एक बाई हाय, निंगव्वा.
तिनं सांगितलं."
काय सांगितलं?
लोक खाली बघायचे. मी खोदून विचारायचो.
"म्हणली, माणूस फटकळ हाय.
चार खेपा घालायला लावतोय.
बूट पहिला महिना कुईकुई वाजतोय.
पैशाला सोडत न्हाई.
पण दुसरीकडं जाऊ नगा."

रात्री माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या.
सापडली. डावा पाय, दीड इंच.
बाकी तीनशे.
पुढं माझ्याच अक्षरात:
कटकटी बाई. परत आली तर नाही म्हणायचं.

सात वर्षं ही बाई
माझे तीनशे अंगावर ठेवून
आज या बाजारात, उद्या त्या बाजारात
माझाच बूट घालून हिंडतेय,
मला नावं ठेवत, मिरच्या तोलत,
आणि मी इथं
बोर्डातली ट्यूब उडाली की जेवत नाही.

अस्मिता म्हणाली, आता तिचा रकाना भरा.
तिला कुणी सांगितलं?
नंबर मिळाला संखच्या एका गिऱ्हाइकाकडनं.
पलीकडं बाजार कलकलत होता.
मी नाव सांगितलं. ती आधी म्हणाली, पैसं न्हाईत.
म्हटलं, पैशाचं नाही. माझ्याकडं कशी आलीस तेवढं सांग.

"कशी म्हंजे?
पॅसेंजर चुकली. ऊन मरणाचं हुतं.
तुझ्या दारापुढं पत्र्याची सावली हुती, टेकले.
तू आतनं वरडलास, ए बाई, गिऱ्हाइकाची वाट सोड.
मग माझ्या पायाकडं बघितलंस."

फोन ठेवला.
चौथ्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
अस्मितानं पेन माझ्याकडंच सरकवलं.
सावली, असं लिहिलं आणि बाहेर आलो.

तो पत्रा मी गेल्या दिवाळीत काढला,
बोर्ड झाकला जात होता म्हणून.
गटारीच्या कडेला उभा आहे अजून,
एका बाजूनं गंजलेला.

दुपारचे दोन. बोर्डाखाली लख्ख ऊन.
काठी टेकत एक माणूस,
एक्स-रेचं पाकीट डोक्यावर धरलेला,
रस्ता ओलांडून
समोरच्या मेडिकलच्या सावलीकडं निघाला होता.
उजवा पाय.
मी इथनंच मोजला, पाऊण इंच.